चाळणीवरचे चमचे

"खर्च किती आला?" आमचा खतप्रकल्प बघायला येणाऱ्या इतर सोसायट्यांच्या कमिट्या पहिल्यांदा हेच विचारतात. त्यानंतर विचारतात, "वास नाही येत?" तिसऱ्या प्रश्नापर्यंत निम्मी मंडळी फोटो काढून गेटापाशी पोचलेली असतात. उरलेल्यांना मी सांगते, की खत करणं हा यातला सर्वांत सोपा भाग. ते जिवाणू करतात, आपण फक्त त्यांच्या वाटेतून बाजूला व्हायचं. अवघड आहे ते त्याच्या आधीचं. साठ घरांच्या साठ ओट्यांवर, हातात केळ्याचं साल असताना, रोज योग्य बादली उघडली जाणं.

म्हणून सुरुवात ओट्यापासून करते, खड्ड्यापासून नाही.

घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ सालच्या नियमांनी घरच्या कचऱ्याचे तीन भाग करायला सांगितले: कुजणारा, न कुजणारा आणि घरगुती घातक. आपल्या भाषेत ओला, सुका आणि घातक. रोजच्या व्यवहारात आमचा तिसरा मात्र तो, ज्याचं नाव घ्यायला लोक लाजतात: वापरलेले पॅड आणि डायपर. ओल्यासाठी झाकणाची छोटी बादली, सुक्यासाठी गोणपाट किंवा मोठी पिशवी, तिसऱ्यासाठी जुन्या वर्तमानपत्राचं पुडकं, एवढ्यावर भागतं. ओल्या बादलीचा एकच नियम आम्ही ताठपणे पाळला. तिच्यात प्लास्टिकची पिशवी घालायची नाही. बादली धुवायचा कंटाळा म्हणून लोक पिशवी घालतात, तीच गाठ मारून टाकतात, आणि मग ती पिशवी कुणीतरी हातानं फोडायची असते. त्यापेक्षा तळाशी वर्तमानपत्राचा अर्धा कागद घाला. तो ओल शोषतो आणि स्वतःही कुजतो.

दुसरी सवय निथळण्याची. भाजीपाल्याच्या ओल्या कचऱ्यात वजनानं बहुतेक पाणीच असतं. त्यात उरलेली आमटी आणि चहाचं पाणी ओतलं, तर आपण कचरा देत नाही, चिखल देतो. सिंकमध्ये एक जुनी चाळणी ठेवली की प्रश्न मिटतो.

मग शंका सुरू होतात. करवंटी कशात? कुजेल, पण वर्षानुवर्षं घेईल, म्हणून वेगळी ठेवावी. तीच गत शहाळ्यांची आणि मे महिन्यातल्या कोयींची. मासळीचे काटे, कोंबडीची हाडं चालतात, मात्र थोडी आणि ढिगाच्या पोटात पुरून. वर राहिली तर मांजरं न्याहारीला येतात. निर्माल्य चालतं, पण हारातला दोरा आणि चमकी काढून. टी-बॅगची पिन काढायची. आमच्याकडे या शंकांची यादी लिफ्टमध्ये लावली होती. ती कुणी वाचली नाही. शंका मिटल्या त्या दारात उभं राहून बोलल्यावर.

तिसऱ्या पुडक्याबद्दल दोन शब्द जास्त सांगते. पुण्यात कचरा दारातून गोळा करतात ते मुख्यतः 'स्वच्छ' या सहकारी संस्थेचे सभासद. १९९३ साली कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभी राहिली. तिच्यातूनच ही संस्था आली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून काम करू लागली. तीन हजारांहून अधिक सभासद, बहुतांश बायका. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर उघडे येत, हातानं वेगळे करावे लागत. २०१३ साली या बायकांनी वापरलेले पॅड गोळा करून ते बनवणाऱ्या कंपन्यांकडेच परत पाठवले होते. पुढं वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची पद्धत आली. लाल ठिपका दिसला की पुडकं उघडायचं नाही. एक लाल स्केचपेन बाथरूममध्ये दोऱ्यानं बांधून ठेवायचा, एवढंच काम. तरी आमच्या सोसायटीत या विषयावर पुरुषांनी बोलायला दीड वर्ष लागलं.

आता दारातून खाली. आमच्याकडे पूर्वी प्रत्येक मजल्यावर एक मोठा डबा होता. सोय म्हणून ठेवलेला, आणि सगळा घोळ त्यानंच केलेला. त्या डब्यात पडलेला कचरा कुणाचा, हे कळायला मार्ग नव्हता. आम्ही पहिलं काम केलं ते डबे काढून टाकण्याचं. मग पंधरा दिवस सकाळी साडेसातला आमच्यातली दोन माणसं कचरा न्यायला येणाऱ्या मावशींच्या बरोबर दारोदार फिरली. भाषण नाही, पत्रक नाही. वेगळा केलेला कचरा मावशी घेत. मिसळलेला असेल तर बादली तशीच दारात राही आणि आम्ही हसून "उद्या नेतील" म्हणत पुढं जात असू. भांडायचं नाही हे ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या बादलीचा वास त्या घराशी स्वतःच बोले.

एक चूक मात्र उशिरा लक्षात आली. सभा घेतल्या त्या फ्लॅटच्या मालकांच्या. बादलीत कचरा टाकणारी बाई वेगळीच होती: स्वयंपाकाला, भांड्यांना येणारी. चार घरी चार पद्धती सांभाळणारी. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. एका दुपारी पार्किंगमध्ये त्या सगळ्यांना चहाला बोलावलं, बादल्या समोर ठेवल्या, आणि अर्ध्या तासात जे झालं ते तीन सर्वसाधारण सभांत झालं नव्हतं.

"पण गाडी नेते ना कचरा, मग हा उपद्व्याप कशाला?" हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा सवाल. प्रामाणिक सवाल होता. गाडी नेते, पण कुठं? पुण्याचा कचरा कितीतरी वर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर जात होता. तिथल्या विहिरींचं पाणी बिघडलं, गावकऱ्यांनी एकदा नव्हे, अनेकदा गाड्या अडवल्या, आणि तेव्हाच शहराला आपल्या कचऱ्याचा पत्ता कळला. शिवाय ढिगात गाडला गेलेला ओला कचरा हवेविना सडतो आणि मिथेन सोडतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला, तर तापमान वाढवण्यात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट जोरकस. तोच कचरा हवा मिळत कुजला की मिथेन जवळपास होत नाही. काकांना मिथेन पटला नाही. मिळकत करातली सवलत पटली. खतप्रकल्प, सौरऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं असं काही असेल, तर पुणे महापालिका सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सूट देते. चालेल. कुणाला काय पटावं यावर आपण कशाला अडून बसायचं?

खड्ड्याकडे येण्याआधी यंत्राची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण नव्या कमिट्या तिथंच फसतात. आम्हीही फसलो. चोवीस तासांत खत, वास नाही, माणूस नको, असं ऐकून एक कपाटाएवढं यंत्र घेतलं. वरून कचरा टाकायचा, खालून दुसऱ्या दिवशी तपकिरी भुकटी. आम्ही खूश. ती भुकटी कुंड्यांत घातली. पाणी पडल्यावर तिच्यावर पांढरी बुरशी चढली, वास सुटला, आणि दोन मोगरे व एक जास्वंद गेली. झालं होतं असं, की यंत्रानं कचरा तापवून वाळवला होता, कुजवला नव्हता. वाळवण म्हणजे पापड, खत नव्हे. पाणी लागताच कुजण्याचं राहिलेलं काम कुंडीत, मुळांच्या शेजारी सुरू झालं. विजेचं बिल आलं ते वेगळंच. अशी सगळीच यंत्रं वाईट असतात असं मी म्हणणार नाही. काही यंत्रं फक्त बारीक तुकडे करून देतात आणि त्यांचा उपयोग होतो. पण चोवीस तासांत पक्कं खत होत नाही. जिवाणूंना घाई करता येत नाही.

आता खड्डा. पुण्यातल्या अनेक इमारतींत बिल्डरनं खतासाठी खड्डे बांधून दिलेले असतात, आणि त्यांत मोडक्या सायकली किंवा उरलेल्या फरश्या असतात. आम्ही जमिनीखालचा खड्डा टाळला, कारण त्यात पाणी साचतं आणि उलथताना पाठ जाते. जमिनीवरच विटांचे तीन खण बांधले: सहा फूट लांब, चार फूट रुंद, तीन फूट उंच. विटा एकाआड एक मोकळ्या ठेवून रचायच्या, म्हणजे भिंतीतून वारा खेळतो. त्या भोकांना आतून बारीक तारेची जाळी, नाहीतर घुशींना आयतं घर. वर पत्रा. तळ जरा उतरता, टोकाला नाली आणि नालीच्या तोंडाशी बादली.

हिशेब असा बसतो. घरामागं रोज अर्धा किलो धरा. साठ घरांचा तीस किलो, म्हणजे आकारानं साधारण साठ लिटर. त्यात चाळीस लिटर सुका पालापाचोळा. रोज शंभर लिटर. एका खणात दोन हजार लिटर मावतं, म्हणजे वीस दिवसांत भरायला हवा. पण ढीग रोज खाली बसत जातो, म्हणून भरायला महिना-सव्वा महिना सहज निघतो. पहिला भरला की दुसऱ्याला हात घालायचा, तोवर पहिला निजलेला. तिसरा खण पाहुणे, लग्नं आणि आंब्याच्या दिवसांसाठी. महिन्याच्या नऊशे किलो कचऱ्यातून हाती येतं दीडशे-पावणेदोनशे किलो खत. बाकीचं पाणी आणि वायू होऊन गेलेलं.

पालापाचोळा कशासाठी? जिवाणूंना जेवायला दोन गोष्टी लागतात: शरीर बांधायला नत्र आणि चुलीला सरपण म्हणून कर्ब. कर्ब नत्राच्या पंचवीस ते तीस पट असला की त्यांचं उत्तम चालतं. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नत्र जास्त. सुकी पानं, लाकडाचा भुसा, उसाची चिपाडं, नारळाचा भुसा यांत कर्ब जास्त. म्हणजे नुसता ओला कचरा म्हणजे भाकरीशिवाय पिठलं. पानांचं दुसरं काम त्याहून मोठं. ती ढिगात पोकळी ठेवतात, आणि पोकळीतून हवा जाते.

भरायची रीत: तळाशी काटक्या आणि नारळाच्या शेंड्यांचा चार बोटं थर. मग ओला कचरा पसरायचा, त्यावर पानं अशी घालायची की वरून एकही साल दिसता कामा नये. चिलटं आणि वास या दोन्ही तक्रारी या एका गोष्टीवर अवलंबून. विरजण म्हणून बाजारात 'कल्चर' मिळतं. आम्ही पहिल्यांदा शेणकाला घातला आणि पुढं प्रत्येक वेळी मागच्या खणातलं दोन घमेली खत. आंबट ताकही चालतं. विरजणाची जात महत्त्वाची नसते, ते जिवंत असलं म्हणजे झालं.

दोन-चार दिवसांत ढीग तापतो. हा भाग मला अजूनही बघावासा वाटतो. पहिल्या फळीचे जिवाणू गोड, पिठूळ पदार्थ खातात आणि त्यांच्या खाण्यानंच उष्णता साठते. ती चाळिशीपार गेली की ते हटतात आणि उष्णता सोसणारे दुसरे येतात. मग ढिगाच्या पोटात ५५ ते ६५ अंश सेल्सिअस तापमान होतं. त्या उष्णतेत रोगजंतू मरतात, तणांच्या आणि टोमॅटोच्या बियाही. थर्मामीटर नको, एक लोखंडी सळई ढिगात खुपसून ठेवायची आणि पाच मिनिटांनी ओढून हात लावायचा. चटका बसला की काम चालू. ढीग सगळ्या बाजूंनी निदान तीन फूट असावा लागतो तो यासाठीच. लहान ढीग उष्णता धरून ठेवत नाही, म्हणून गॅलरीतली कुंडी तापत नाही. तिच्यातही खत होतं, पण निवांत.

गांडुळं आधीच सोडू नयेत. ती तापलेल्या ढिगातून पळतात किंवा मरतात. निवल्यावर, आणि तेव्हाही हवी असली तरच.

आठ-दहा दिवसांनी दाताळ्यानं ढीग उलथायचा, कडेचं मध्ये आणि मधलं कडेला. ओल बघायला एक मूठ घेऊन दाबायची. बोटांच्या फटीतून थेंब-दोन थेंब यावेत. धार लागली तर पानं घाला, मूठ उघडताच भुगा सांडला तर पाणी शिंपडा.

आणि वास. वासाला घाबरून लोक फिनेल ओततात, म्हणजे कामगारांनाच मारतात. वास ही तक्रार नसते, निरोप असतो. नाकाला झोंबणारा, मुतारीसारखा आला तर नत्र जास्त झालं: पानं वाढवा. कुजक्या अंड्याचा आला तर आत हवा नाही: उलथा. आंबूस आला तर बहुधा कुणाकडे तरी पूजा किंवा वाढदिवस झाला आहे आणि शिजलेलं अन्न एकदम येऊन पडलं आहे: पसरा, पानं मिसळा, दोन दिवस थांबा. नालीच्या बादलीतला काळा रस दहापट पाण्यात मिसळून पुन्हा ढिगावरच शिंपडावा. घरच्या झाडांवर प्रयोग नको.

अळ्यांचा प्रसंग प्रत्येक सोसायटीत येतोच. पावसाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी झाकण उघडलं, तर आत मातकट रंगाच्या जाड अळ्यांची वळवळ. व्हॉट्सअॅप ग्रुप पेटला. "मुलं खेळतात तिथं!" या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या. ही माशी घरमाशीसारखी अन्नावर घोंगावत नाही, चावत नाही, काही दिवस जगते, अंडी घालते आणि संपते. तिच्या अळ्या मात्र कचरा अशा झपाट्यानं फस्त करतात की खण भरता भरत नाही. ओल कमी केली, वर पानांचा जाड थर दिला की त्या दिसेनाशा होतात. आम्ही एवढं केलं आणि ग्रुपवर रांगोळ्यांचे फोटो पुन्हा सुरू झाले.

आमची खरी टंचाई कचऱ्याची नसते, पानांची असते. पानगळ माघ-फाल्गुनात आणि गरज सर्वांत जास्त आषाढ-श्रावणात, जेव्हा सगळंच ओलं. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये गोणी भरून पत्र्याखाली रचून ठेवायच्या. याच दिवसांत रस्तोरस्ती पानांचे ढीग पेटवलेले दिसतात. पुण्यात 'ब्राउन लीफ' नावाचा नागरिकांचा उपक्रम पानं असणाऱ्यांची आणि पानं हवी असणाऱ्यांची गाठ घालून देतो. आता समोरच्या बंगल्यातले आजोबा, ज्यांचा माळी पूर्वी पानं जाळायचा, फोन करून विचारतात, "अहो, तुमची माणसं कधी येणार गोणी न्यायला?"

खण भरल्यानंतर दीड महिना झाकून ठेवला की खत काळपट, भुसभुशीत होतं, आणि त्याला पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसला वास येतो. योगायोग नाही, दोन्हीकडे तो वास देणारे जिवाणू एकाच कुळातले. खात्री करायची असेल तर एक मूठ ओलं खत पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर घाण वास आला, तर अजून कच्चं आहे.

ओला कचरा वाटेतून गेला की सुका कचरा पहिल्यांदाच दिसायला लागतो. तो कोरडा, स्वच्छ, वाचता येण्यासारखा असतो. पुठ्ठा, रद्दी, काच, पाण्याच्या बाटल्या यांना भंगारात किंमत आहे, आणि ती किंमत कचरावेचकांच्या मिळकतीचा भाग आहे. म्हणून पुठ्ठे वेगळे विकून सोसायटीचा गल्ला भरावा, ही सूचना आमच्याकडे आली तेव्हा मी तिच्याविरुद्ध मत दिलं. वेफर्सची चकचकीत पाकिटं मात्र कुणीच घेत नाही. आणि महिन्याच्या ढिगात सर्वांत उंच ढीग कशाचा असे, तर एकदा वापरून टाकायच्या ताटल्या-पेल्यांचा. मार्च २०१८ मध्ये राज्यानं प्लास्टिकबंदी आणली, थर्माकोलच्या ताटल्या त्यात गेल्या, तर त्यांच्या जागी चकचकीत अस्तराच्या कागदी आल्या. त्या ना कुजत, ना विकल्या जात.

यावर उपाय नवा नव्हताच. कोकणातल्या वाडीत किंवा देशावरच्या गावात कार्याला लागणारी मोठी पातेली, परात, ताटं देवळाची किंवा वाडीची असत. नेताना मोजून न्यायची, घासून मोजून परत द्यायची. आम्ही वर्गणीतून दीडशे स्टीलची ताटं, वाट्या, पेले आणि चमचे घेतले, प्रत्येकावर सोसायटीचं नाव कोरून घेतलं, आणि वॉचमनच्या खोलीत एक वही ठेवली. गणपतीत पहिल्यांदा वापरली. घासायला दोन बायकांना रीतसर पैसे दिले, कारण पर्यावरणाचं पुण्य आपण घ्यायचं आणि मोरीतली पाठदुखी दुसरीला द्यायची, हे काही बरं नव्हे.

आमच्या या सगळ्यात नवल काही नाही. मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी १९९६ च्या सुमारास आपल्या गल्लीचा कचरा असाच हाती घेतला, आणि त्यांच्यावरून महापालिकेनं पुढं गल्लीगल्लीच्या नागरिक समित्यांची योजनाच काढली. वेंगुर्ले नगरपालिकेनं कचऱ्याचं इतकं बारीक वर्गीकरण केलं, की तिथला कचरा डेपो लोक बघायला जातात.

दर दीड महिन्यानं रविवारी खत चाळायचं असतं. तिरकी जाळी लावायची, फावड्यानं वर टाकायचं; बारीक खाली पडतं, जाड पुढं घरंगळतं. मुलं या कामाला न बोलावता येतात, कारण चाळणीवर काय निघेल ते सांगता येत नाही. दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे शेकड्यांनी निघतात. पिशवीला चीर द्यावी, कोपरा तोडू नये, हे आम्ही अजून सगळ्या घरांपर्यंत पोचवू शकलेलो नाही. फळांवरचे स्टिकर निघतात. एकदा अंगठी निघाली, खोटी. आणि चमचे. दर वेळी पाच-सहा चमचे, ताटातलं उरलेलं खरवडताना बादलीत गेलेले. आम्ही ते धुऊन वॉचमनच्या खिडकीत ओळीनं मांडतो. घरचे चमचे न्यायला सहसा कुणी येत नाही, कबुली दिल्यासारखं होतं म्हणून. गेल्या खेपेला त्यांत एक सोसायटीचं नाव कोरलेला निघाला. वहीत गौरी-जेवणापासून एक चमचा कमी दिसत होता, तो आता जमा आहे.